रिकामा वेळ आणि मोकळा वेळ

धन, धान्य, बळ आणि विद्या या गोष्टी सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. एकाची कोठारे भरलेली असतात, तर दुसऱ्याच्या घरी उद्याची भ्रांत असते. एकाला धडा एकदा वाचून उमगतो, तर दुसऱ्याला तोच चार वेळा वाचावा लागतो. परंतु एक ठेव अशी आहे, की ती राजाला आणि रंकाला, पंडिताला आणि निरक्षराला रोज एकाच मापाने मोजून मिळते. ती ठेव म्हणजे दिवसाचे २४ तास. या मापात कोणाला एक क्षण अधिक मिळत नाही आणि कोणाचा एक क्षण कमी केला जात नाही. तरीही या २४ तासांतील सगळेच तास ज्याचे त्याच्या मालकीचे नसतात. काही झोपेचे असतात, काही पोटापाण्याच्या उद्योगाचे, काही शाळेचे, तर काही घरकामाचे. हे सर्व वजा जाता जे उरते, तेवढेच माणसाचे खरोखर स्वतःचे असते. त्या उरलेल्या वेळाचे मोल काय आणि तो कसा वेचावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

मराठी भाषेने या वेळाला अनेक नावे दिली आहेत. कामाच्या रगाड्यातून क्षणभर मिळते ती उसंत. एखाद्या कामासाठी मुद्दाम काढावी लागते ती सवड. घाई नसलेला ऐसपैस वेळ म्हणजे फुरसत, आणि मनाला ज्याने हलके वाटते तो विरंगुळा. तथापि नित्याच्या बोलण्यात लोक बहुधा दोनच शब्द वापरतात : 'रिकामा वेळ' आणि 'मोकळा वेळ'. वरवर पाहता हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. किंचित विचार केला, की त्यांतील अंतर ध्यानात येते. रिकामे भांडे म्हणजे ज्यात काही नाही ते. मोकळे मैदान म्हणजे ज्याला कुंपण नाही ते. रिकामेपणात अभाव असतो, मोकळेपणात स्वातंत्र्य असते. रिकामा वेळ कसाबसा घालवावा लागतो, मोकळा वेळ मनसोक्त उपभोगता येतो. एकच तास एका मुलाच्या हाती रिकामा ठरतो आणि दुसऱ्याच्या हाती मोकळा ठरतो. हा फरक घड्याळात नसतो. तो तास वापरणाऱ्याच्या मनात असतो.

शेतीच्या जुन्या जीवनात काम आणि विश्रांती यांची सांगड निसर्गानेच घालून दिली होती. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला श्वास घ्यायला उसंत नसे. परंतु सुगी आटोपली, की जत्रा, कुस्त्यांचे फड, भजने आणि कीर्तने यांना बहर येई. बैलपोळ्याच्या दिवशी तर बैलाच्या मानेवरचे जू उतरवून ठेवण्याची रीत आहे. त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, त्यांची शिंगे रंगवतात, त्यांना पुरणपोळीचा घास देतात आणि कोणत्याही कामाला जुंपत नाहीत. जो राबतो त्याला विसावा मिळालाच पाहिजे, हे साधे सत्य या सणात सामावलेले आहे.

पुढे काळ बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावोगावची माणसे पोटासाठी तिकडे लोटली. तेथे ऋतूंची सत्ता संपली आणि भोंग्याची सत्ता सुरू झाली. विजेचे दिवे अद्याप आलेले नव्हते. त्यामुळे सूर्य उगवला की काम सुरू व्हावे आणि मावळला की थांबावे, असा प्रघात होता. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी असावी, ही कल्पनाच तेव्हा गिरणीच्या दारात पोचलेली नव्हती. पोळ्याच्या दिवशी बैलाला जे मिळत असे, ते माणसाला मागून घ्यावे लागणार होते.

ते मागण्याचे काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. १८४८ साली जन्मलेले लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' या पत्राचे संपादक होते. गिरणी कामगारांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांची संघटना उभी केली. कामगारांच्या सभा भरवल्या, सरकारकडे अर्ज केले आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी सतत लावून धरली. १८९० सालच्या एप्रिल महिन्यात मुंबईत हजारो कामगारांची एक सभा भरली. त्या सभेत स्त्री कामगारांनीही उभे राहून भाषणे केली. त्या काळी स्त्रीने सभेत बोलणे ही किती धैर्याची गोष्ट होती, हे आज सांगूनही पटणार नाही. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आज दर रविवारी सकाळी अंथरुणात लोळत पडलेल्या मुलाला ती सुट्टी उन्हापावसासारखी आपोआप आलेली वाटते. ती तशी आलेली नाही. ती कष्टाने मिळवलेली आहे. ज्यांनी ती मिळवली, त्यांतील बहुतेकांची नावेही कोठे लिहिलेली नाहीत. पुढे सर्व जगानेच या मागणीला मान्यता दिली. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत यांचा हक्क अन्य हक्कांच्या पंक्तीला बसवण्यात आला. १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बालकांच्या हक्कांची सनद स्वीकारली, तीत खेळ आणि विश्रांती हा प्रत्येक बालकाचा हक्क म्हणून नमूद झाला. भारताने १९९२ साली या सनदेला मान्यता दिली. जी गोष्ट मिळवण्यासाठी सभा भरवाव्या लागल्या, अर्ज करावे लागले आणि सनदा लिहाव्या लागल्या, ती गोष्ट जांभया देत उधळून टाकणे शोभते काय?

मोकळा वेळ थोडा असतो, म्हणून त्याची किंमतही थोडी, असा पुष्कळांचा समज असतो. अर्ध्या-पाऊण तासात काय होणार, असे म्हणून तो सोडून दिला जातो. येथे थोडे गणित करून पाहावे. रोज एक तास धरला, तर वर्षाचे ३६५ तास होतात. शाळेचा दिवस सहा तासांचा मानला, तर हे जवळजवळ ६१ शालेय दिवस भरतात. म्हणजे रोजच्या एका तासाच्या पोटात दोन महिन्यांची एक आगळीच शाळा लपलेली असते. या शाळेत घंटा नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही आणि विषय विद्यार्थ्यानेच निवडायचा आहे. ज्याला तासभर जमत नाही, त्याने रोज केवळ दहा पाने वाचली, तरी वर्षाकाठी ३,६५० पाने होतात. दीडशे पानांचे एक पुस्तक धरले, तर ही २४ पुस्तके झाली. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण पाण्यापेक्षाही वेळाच्या बाबतीत अधिक खरी आहे.

या थेंबांतून कसे तळे साचते, याचा एक थोर दाखला भारतीय विज्ञानाच्या इतिहासात आहे. चंद्रशेखर वेंकट रमण हे १९०७ साली, वयाच्या १९व्या वर्षी, सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी म्हणून कोलकात्यास रुजू झाले. नोकरी मानाची होती, पगार चांगला होता आणि दिवसभर हिशेबांच्या वह्यांत डोके घालावे लागत असे. परंतु त्यांचे मन पदार्थविज्ञानात रमलेले होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली विज्ञानसंशोधनाची एक संस्था त्या शहरात होती. रमण सकाळी कचेरीपूर्वी आणि सायंकाळी कचेरी सुटल्यावर त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत जात. मधला काही काळ त्यांची रंगून व नागपूर येथे बदली झाली, ती वगळता सुमारे दहा वर्षे हा क्रम चालला. वाद्यांतून नाद कसा उमटतो, याचा शोध त्यांनी या सकाळ-संध्याकाळीच घेतला. १९१७ साली ते कोलकाता विद्यापीठात प्राध्यापक झाले, ते या फावल्या वेळातील संशोधनाच्या बळावर.

१९२१ साली ते विलायतेहून बोटीने परत येत होते. बोटीवरचे दिवस म्हणजे निव्वळ रिकामे दिवस. बहुतेक उतारू गप्पांत आणि झोपेत ते घालवीत. रमण मात्र भूमध्य समुद्राच्या गर्द निळ्या पाण्याकडे पाहत उभे राहत. समुद्र निळा का दिसतो? आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे उत्तर त्या काळी विद्वान देत. रमण यांचे त्याने समाधान झाले नाही. जवळ असलेल्या एका साध्या लोलकातून त्यांनी पाण्याचे निरीक्षण केले आणि पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, म्हणून पाणी निळे दिसते, अशा निष्कर्षाला ते आले. या प्रश्नाचा माग घेत घेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ते ज्या शोधापर्यंत पोचले, तो 'रमण परिणाम' म्हणून जगात प्रसिद्ध आहे. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्याच बोटीवरून शेकडो लोकांनी तेच पाणी पाहिले असेल. पाणी सर्वांना दिसले. प्रश्न एकाला दिसला.

प्रवासातला वेळ फुकट जातो, असे समजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उज्जैनचे मराठी चित्रकार आणि पुरातत्त्वसंशोधक विष्णु श्रीधर वाकणकर हे १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे चालले होते. खिडकीतून बाहेर पाहताना त्यांना दूर टेकडीवर काही चमत्कारिक आकाराचे खडक दिसले. स्पेन आणि फ्रान्स या देशांत ज्या प्रकारच्या खडकांच्या आश्रयाला आदिमानवाची चित्रे सापडली, तसेच हे खडक त्यांना भासले. त्यांनी तेथे जाऊन शोध घेतला आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. सहस्रावधी वर्षांपूर्वी माणसाने रंगवलेले हे हत्ती, हरणे आणि शिकारी पाहण्यासाठी आज देशोदेशीचे लोक येतात. २००३ साली या स्थळाची गणना जागतिक वारशात झाली. आगगाडीची खिडकी प्रत्येक डब्याला असते. तिच्यातून बाहेर पाहावे, एवढी इच्छा मात्र उतारूपाशी असावी लागते.

कोणी म्हणेल, ही विद्वानांची उदाहरणे झाली. सामान्य माणसाने काय करावे? त्याचे उत्तर पुण्यात शुक्रवार पेठेत जाऊन पाहता येते. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. त्यांच्या घरचे चष्म्याचे दुकान होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांना एक छंद जडला. गावोगाव हिंडावे, वाड्यांच्या माळ्यांवर आणि बाजारांत शोध घ्यावा आणि लोकांनी अडगळ म्हणून टाकलेल्या जुन्या वस्तू जमवाव्यात. दिवे, समया, अडकित्ते, दौती, कुलुपे, पानाचे डबे, वाद्ये, कोरीव दरवाजे, खेळणी, असे सारे त्यांनी जमवले. मोडीत निघणाऱ्या या वस्तूंमध्ये त्यांना आजी-आजोबांचे, पणजोबांचे जगणे दिसत होते. असे करता करता २०,००० हून अधिक वस्तूंचा संग्रह उभा राहिला. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे ते सारे शासनाच्या स्वाधीन केले. १९९० साली ते निवर्तले, पण 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आजही उभे आहे. साधा अडकित्ता घडवतानाही जुन्या कारागिरांनी त्याला मोराचा किंवा घोड्याचा डौल कसा दिला, हे तेथे पाहता येते. दुकानदाराच्या छंदाने एका समाजाची आठवण जपून ठेवली.

कधी कधी मोकळा वेळ मागून येत नाही, तो अंगावर कोसळतो. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्यावर असाच प्रसंग आला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ते मार्गदर्शक होते. अधिक शिक्षणासाठी ते जर्मनीस गेले आणि १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली. हाती नोकरी नाही, अशा स्थितीत ते अलिबागजवळ किहीम येथे राहावयास गेले. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. सलीम अली सुगरण पक्ष्याच्या वसाहतीपुढे बसले आणि दिवसचे दिवस तिच्याकडे पाहत राहिले. मराठीत या पक्ष्याला 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव आहे. प्रत्यक्षात ते सुंदर घरटे विणतो तो नर. तो घरटे अर्ध्यावर आणतो, मग मादी येऊन ते पारखते, आणि तिच्या पसंतीस उतरले तरच पुढचे काम पुरे होते. एका मादीचा संसार सुरू झाला, की नर दुसरे घरटे विणावयास घेतो. पक्ष्यांच्या जीवनातील या रीतीभाती सलीम अली यांनी बारकाईने नोंदवल्या, आणि त्या नोंदींमुळे त्यांचे नाव पक्षिशास्त्रात रुजू झाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. किहीमचे ते दिवस नुसते कुढण्यात गेले असते, तर ते रिकामे ठरले असते. सुगरणीच्या घरट्याकडे पाहण्यात गेले, म्हणून ते मोकळे ठरले.

ही उदाहरणे वाचून एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो वेळीच दूर केला पाहिजे. फुरसतीतून काही तरी मोठे निष्पन्न झाले तरच ती सार्थकी लागली, असे मुळीच नाही. रमण प्रयोगशाळेत गेले ते पारितोषिकासाठी नव्हे. नादाचे कोडे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते म्हणून गेले. केळकरांनी अडकित्ते जमवले ते नावासाठी नव्हे. त्यांचा त्यांना लळा लागला म्हणून जमवले. फळाची आशा धरून घालवलेला मोकळा वेळ हा मोकळा राहत नाही, ते दुसरे एक कामच होऊन बसते. ज्या मुलाने उन्हाळ्याची सुट्टी विहिरीत पोहायला शिकण्यात घालवली, ज्या मुलीने आजीकडून दहा कहाण्या ऐकून वहीत उतरवल्या, किंवा ज्यांनी विटी-दांडूचा डाव अंधार पडेतो रंगवला, त्यांची सुट्टी पुरेपूर सार्थकी लागली. एवढेच नव्हे, तर झाडाखाली उताणे पडून ढगांचे आकार पाहत बसणे हेही वाया गेलेले नसते. शेताला जशी काही काळ पडीक ठेवून कस भरून काढू द्यावा लागतो, तशी मनालाही स्वस्थतेची गरज असते.

म्हणूनच काही पालक मुलांच्या बाबतीत जी घाई करतात, तिचाही येथे विचार करणे अगत्याचे आहे. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की चित्रकलेचा वर्ग, तो सुटला की संगणकाचा, आणि रविवारी स्पर्धापरीक्षेची तयारी, असा दिनक्रम अनेक घरांत दिसतो. यामागील हेतू चांगला असतो, यात शंका नाही. मुलाने मागे पडू नये, हीच तळमळ त्यात असते. परंतु प्रत्येक तास दुसऱ्याने आखून दिला, तर स्वतःचा तास स्वतः आखावयास ते मूल शिकणार केव्हा? ज्याला मोकळा वेळ कधी मिळालाच नाही, त्याला तो अचानक मिळाला, की तो त्यास खावयास उठतो. पोहणे पाण्यात पडल्यावाचून येत नाही. तसे वेळ वापरणे मोकळा वेळ मिळाल्यावाचून येत नाही. फुरसत उधळणे ही जशी चूक, तशीच ती मुलांना मिळूच न देणे हीही चूक आहे.

आज या थोड्याशा वेळावर आणखी एक गिऱ्हाईक टपून बसलेले आहे, ते म्हणजे हातातला मोबाइल. या यंत्राची निंदा करून भागणार नाही. त्यावर दूरच्या आप्तांशी बोलता येते, पक्ष्यांचे आवाज ऐकता येतात, नकाशे पाहता येतात. तथापि त्याच्यावरील करमणुकीचा एक गुणधर्म समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वीच्या प्रत्येक करमणुकीला शेवट असे. कीर्तनाची सांगता होई, नाटकाचा पडदा पडे, अंधार पडला की चेंडू दिसेनासा होई आणि मुले घरी जात. मोबाइलवरील चित्रफितींना पडदा नाही. एक संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. अशी ती रचनाच केलेली असते. याचे कारणही उघड आहे. पाहणाऱ्याकडून बहुधा पैसा घेतला जात नाही. पण जितका अधिक वेळ तो खिळून राहील, तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखवता येतात आणि त्या जाहिरातींचे पैसे मिळतात. म्हणजे करमणूक फुकट नसते. तिची किंमत वेळाच्या नाण्यात मोजलेली असते. लोखंडे यांच्या काळी गिरणीचा भोंगा माणसाला ओढून नेत असे. आजचा भोंगा खिशात असतो आणि तो गोड आवाजात वाजतो, एवढाच काय तो फरक.

मग आपला वेळ मोकळा गेला की रिकामा, हे विद्यार्थ्याने ओळखावे कसे? त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला प्रश्न असा, की ही गोष्ट निवडली कोणी? स्वतःच्या इच्छेने निवडली, की केवळ समोर आली म्हणून करीत राहिलो? दुसरा प्रश्न, ती करताना मन तिच्यात होते काय? आणि तिसरा प्रश्न, ती संपल्यावर मन टवटवीत झाले की शिणले? खेळून दमलेल्या मुलाचे अंग थकते, पण चेहरा फुललेला असतो. उलट तासन्‌तास पडद्याकडे पाहणाऱ्याचे अंग हललेलेही नसते, पण चेहरा कोमेजलेला असतो. हे तीन प्रश्न कोणी दुसऱ्याने विचारण्याची जरुरी नाही. ज्याचा वेळ, त्यानेच ते विचारावेत, आणि उत्तरही त्यानेच प्रामाणिकपणे द्यावे.

या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. एकाची फुरसत पुष्कळदा दुसऱ्याच्या कष्टांवर उभी असते. लोखंडे यांनी मिळवलेला रविवार गिरणीत पोचला, कचेरीत पोचला, शाळेत पोचला. पण तो अनेक घरांच्या स्वयंपाकघरात अजूनही पोचलेला नाही. रविवारी सर्वांना सुट्टी असते म्हणून सर्वांना काही तरी गोडधोड हवे असते, आणि म्हणून त्या दिवशी आईचे काम वाढते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी या शेतकरी स्त्रीला लिहिता-वाचता येत नव्हते आणि कामातून उसंतही नव्हती. जात्यावर दळताना आणि शेतात राबताना त्यांनी गाणी रचली. मुलाने आणि आप्तांनी त्यांतील काही उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि मराठी भाषेला एक अनमोल ठेवा लाभला. कोणी उतरवून घेतली नाहीत, अशी किती बायकांची किती गाणी जात्याच्या घरघरीत विरून गेली असतील, याचा हिशेब कोण देणार? हात कामात असतानाही मन मोकळे ठेवणाऱ्या अशा स्त्रिया धन्य होत. पण त्यांच्या हातांनाही विसावा मिळाला असता, तर काय झाले असते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

यावरून मुलांनी घ्यावयाचा बोध अगदी सोपा आहे. घरातील चार माणसांनी रोज पंधरा-पंधरा मिनिटांचे काम वाटून घेतले, तर घरातील एका माणसाला तासाभराची सवड मिळते. कोणी भांडी विसळावीत, कोणी अंथरुणांच्या घड्या कराव्यात, कोणी पाणी भरावे, कोणी भाजी निवडावी. यात मुलगा आणि मुलगी असा भेद करू नये. आई त्या तासात काय करील, हे तिचे तिने ठरवावे. ती वाचील, शेजारणीकडे जाईल, गाणे ऐकेल किंवा नुसती निवांत बसेल. तिच्या हाती तिचा स्वतःचा एक तास ठेवणे, यापरते मोलाचे देणे मुलांपाशी दुसरे नाही.

मोकळा वेळ साठवून ठेवता येत नाही. तो पेटीत घालून कुलूप लावता येत नाही, उसना घेता येत नाही आणि व्याजाने वाढत नाही. आजचा तास आजच वापरावा लागतो. परंतु त्याचा एक गुण असा, की तो वाटला असता कमी होत नाही. स्वतःला आवडेल त्या कामात तो रमून वेचावा आणि ज्याला तो मिळत नाही, त्याला आपल्या कष्टांतून मिळवून द्यावा. ज्या समाजात प्रत्येकाला, मग तो गिरणीत राबणारा असो, शेतात खपणारा असो की चुलीपुढे बसणारा असो, रोज थोडा तरी वेळ स्वतःच्या मनाप्रमाणे जगता येतो, तोच समाज खऱ्या अर्थाने स्वतंत्र म्हणावा.